ऑफलाइन ऑर्डर ॲप: बामणोली-कोयना लाइनवर पावसाळ्यापासून वापरतोय, त्याचा अनुभव

आमची साताऱ्यात एजन्सी आहे, बिस्किट, साबण, टूथपेस्ट, खोबरेल असला माल गावोगावच्या किराणा दुकानांत टाकायचा. सेल्समन पोरं ऑर्डर घेतात, दुसऱ्या दिवशी टेम्पो जातो. दहिवडी-म्हसवड लाइनला रेंजची फार अडचण नाही, पण यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पुढं बामणोलीकडं उतरलं की किंवा पाटणवरनं हेळवाक, कोयनानगर केलं की फोन नुसता खिशात ठेवायचा. त्यामुळं मागच्या पावसाळ्यात आम्ही ऑफलाइन चालणारं ॲप घेतलं. नाव लिहीत नाही, छोट्या टीमचं ॲप आहे आणि हे जाहिरातीसारखं वाटायला नको. जे कुणी असलं ॲप घ्यायच्या किंवा बनवून घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी लिहितोय, लांबलंय जरा.

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करतो. रेंज अजिबात नसणं हा त्रास नाहीच मुळी. खरा त्रास अर्धवट रेंजचा. एक कांडी दिसती, फोरजी असं पण दिसतं, पण आत काहीच हलत नाही. याच्या आधी जे ॲप होतं त्याला पण ऑफलाइन मोड होता हो, पण ते आधी बघायचं नेट आहे का, एक कांडी दिसली की त्याला वाटायचं नेट आहे, मग सर्व्हरला विचारत बसायचं आणि गोल चक्र फिरत राहायचं, दुकानदार समोर गिऱ्हाईक सांभाळतोय आणि आमचा पोरगा फोन हवेत धरून उभा. शेवटी पोरं घरूनच फ्लाइट मोड टाकून निघायला लागली, ज्या ॲपला ऑफलाइन चालवायला फ्लाइट मोड लागतो ते कसलं ऑफलाइन.

नवीन ॲप नेट आहे का नाही हे विचारतच नाही. ऑर्डर टाकली की ती आधी फोनमधल्या डेटाबेसमध्ये जाते, साताऱ्यात पोवई नाक्यावर फुल रेंजमध्ये उभं राहून टाकली तरी. सर्व्हरला पाठवायचं काम मागनं वेगळं चालतं. डेव्हलपरला विचारलं तर म्हणाला आत एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस आहे, तसं ते प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असतंच, त्यात काही विशेष नाही, विशेष हे की स्क्रीन फक्त फोनमधला डेटा दाखवते आणि सर्व्हरची वाट कधीच बघत नाही. वापरताना हा फरक लगेच कळतो, बटण दाबलं की झालं, चक्र नाही.

पण मग पुढचा प्रश्न येतो आणि माझ्या मते सगळं ॲप इथंच पास किंवा नापास होतं. फोनमध्ये सेव्ह झालं म्हणजे ऑफिसला पोचलं असं नाही. आधीच्या ॲपमध्ये ऑर्डर टाकली की हिरवी टिक यायची. पोरगा म्हणायचा ऑर्डर गेली मालक, हिरवी टिक आहे. ऑफिसात बघितलं तर काहीच नाही. दुकानदाराला उद्या माल येतोय असं सांगून बसलेला, आणि टेम्पो आला की आमच्याच अण्णांना फोन. नवीन ॲपमध्ये सेव्ह झालेली ऑर्डर करड्या रंगात दिसते आणि तिथं लिहिलेलं असतं 'फोनमध्ये आहे', ऑफिसच्या सर्व्हरनं घेतली की मग हिरवी आणि 'ऑफिसला पोचली', सोबत वेळ. वर पट्टीत किती ऑर्डर अडकल्यात तो आकडा. एवढंच आहे बघा, पण पोरांची भाषा बदलली, आता ती दुकानदाराला म्हणतात काका ऑर्डर लिहून घेतलीय, खाली मेढ्याला गेलो की जाईल.

डबल ऑर्डरचा विषय पण याच्याशीच जोडलेला आहे. अर्धवट रेंजमध्ये काय होतं, ऑर्डर सर्व्हरला पोचते, पण सर्व्हरचं 'मिळाली' हे उत्तर परत येताना रेंज जाते. फोनला वाटतं गेलीच नाही, म्हणून परत पाठवतो. मग एकाच दुकानाला साबणाच्या चार पेट्यांच्या जागी आठ. इथं ऑर्डर तयार होतानाच फोन तिला एक लांबलचक नंबर देतो, १२८ बिटचा, तो दुसऱ्या कुठल्या ऑर्डरला यायची शक्यता नसल्यात जमा. तोच नंबर परत आला की सर्व्हर म्हणतो ही माझ्याकडं आहे, आणि गप बसतो. कितीही वेळा पाठवा, नोंद एकच. ॲप घ्यायच्या आधी डेव्हलपरला हे नक्की विचारा, आणि तो जर म्हणाला की आम्ही दुकान, तारीख आणि रक्कम बघून डुप्लिकेट काढतो तर तिथनं उठा, कारण एकच दुकानदार सकाळी दोन पेट्या सांगतो आणि संध्याकाळी फोन करून अजून दोन सांगतो, ती दुसरी ऑर्डर खरी असते.

आता स्टॉक आणि उधारी. फोनमध्ये दिसणारा स्टॉक शिळा असणारच, त्याला इलाज नाही, सकाळी गोडाऊनमधनं निघताना जो होता तोच दिवसभर दिसणार. या ॲपमध्ये प्रत्येक आकड्याखाली बारीक अक्षरात वेळ असते, 'सकाळी ८:४० चा'. सुरुवातीला मला वाटलं उगीच गर्दी केलीय स्क्रीनवर. पण उधारीच्या बाबतीत ती वेळ फार कामाला येते. दुकानदारानं सकाळी दहाला ऑफिसच्या क्यूआरवर पैसे टाकलेले असतात, आणि दुपारी आमचा पोरगा त्याच्या दारात जाऊन बाकी मागतो, चार गिऱ्हाइकांसमोर. गावाकडं हे फार लागतं माणसाला. आता पोरगा बघतो की आकडा सकाळचा आहे, आणि आधी विचारतो, काका आज काही पाठवलंय का.

यातली आतली गोष्ट जी मला नंतर कळली ती भारी आहे. फोन आणि सर्व्हर एकमेकांना 'शिल्लक ४०' असं सांगतच नाहीत. ते सांगतात '१२ गेले', '५ परत आले', '२००० जमा'. का, तर दोन पोरांकडं सकाळी ४० पेट्या दिसतायत, एकानं १० विकल्या, त्याच्या फोनमध्ये ३०, दुसऱ्यानं १५ विकल्या, त्याच्याकडं २५. दोघांनी शिल्लक पाठवली तर जो शेवटी पाठवेल त्याचा आकडा राहतो, ३० किंवा २५, आणि खरं तर १५ पाहिजे. नोंदी पाठवल्या तर कुठल्याही क्रमानं पोचू देत, उत्तर १५ च येतं. आमच्या अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले मग यात नवीन काय, जमाखर्च असाच लिहितात, बाकी कधी कुणी खोडून लिहितं का. त्यांचं बरोबरच आहे. टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पण बाकी टाइप करत नाही आपण, व्हाउचर टाकतो.

अर्थात यानं शेवटच्या चार पेट्या दोघांनी विकल्या तर काय हा प्रश्न सुटत नाही. कुठलंच ऑफलाइन ॲप तो सोडवू शकत नाही, जो म्हणतो आमचं सोडवतं तो थापा मारतोय. आमच्याकडं जो माल कमी येतो त्याचा कोटा सकाळीच फोनवार वाटून दिला जातो, कोयना लाइनला इतक्या, बामणोलीला इतक्या, त्याच्यावर पोराला ऑर्डर घेताच येत नाही. कधी एकीकडं माल पडून राहतो आणि दुसरीकडं नाही म्हणावं लागतं. ते परवडलं, कबूल करून न देणं नाही परवडत.

सप्टेंबरात याची खरी परीक्षा झाली. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला, २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किट, अंगाचा साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल सगळं १८ टक्क्यांवरनं ५ टक्क्यांवर. मधले दिवस दुकानदार ऑर्डरच देईनात, २२ नंतर या म्हणायचे, आणि २२ ला नेमकी घटस्थापना, म्हणजे नवरात्राचा माल पण त्याच वेळी पाहिजे. प्रश्न असा की सोमवारी सकाळी जो पोरगा घरनं थेट हेळवाकला गेला आणि ज्याच्या फोनला नेटच लागलं नाही त्याला नवे रेट कळणार कसे? या ॲपच्या रेट लिस्टमध्ये प्रत्येक रेटला 'लागू दिनांक' असतो. नवी लिस्ट आम्ही आधीच्या आठवड्यातच फोनवर ढकलून ठेवली, फोनमध्ये दोन्ही रेट बसून होते, रात्री बारा वाजता तारीख बदलली की नवे रेट चालू, नेट असो नसो. ज्या एजन्सींचं ॲप फक्त 'आजचा रेट' ठेवतं त्यांची पोरं त्या दिवशी दुकानात उभं राहून कॅल्क्युलेटर मारत होती.

यात एक गंमत झाली. एका पोराच्या फोनची तारीखच एक दिवस मागं होती, कशी ते त्यालाच माहीत, कसला तरी गेम खेळतात आणि त्यासाठी तारीख फिरवतात. त्याच्या सगळ्या ऑर्डर जुन्या रेटनं आल्या. पण ऑर्डरमध्ये खरी गोष्ट नग असतात, रक्कम 'अंदाजे' म्हणूनच दिसते, आणि बिल ऑफिसात सर्व्हरच्या तारखेनं बनतं, त्यामुळं निभावलं. त्यानंतर ॲपवाल्यांनी अपडेट दिला, आता नेट मिळालं की फोनची वेळ सर्व्हरशी ताडून बघतो आणि जास्त फरक असला की लाल पट्टी येते.

बिलाच्या नंबरावरून पण आमच्यात वाद झाला होता. टेम्पोत रेडी स्टॉक असतो, त्याचं बिल जागेवर द्यावं लागतं, आणि नेट नाही तर पुढचा नंबर कुठला हे फोनला कसं कळणार. आमचे अकाउंटंट म्हणत होते की सिरीयल तुटली तर पंचाईत होईल. पण जीएसटीच्या नियम ४६ मध्ये एकापेक्षा जास्त सिरीज चालतात, नंबर १६ अक्षरांच्या आत पाहिजे, ओळीनं पाहिजे आणि त्या आर्थिक वर्षात परत यायला नको एवढंच. मग प्रत्येक टेम्पोच्या फोनला स्वतःची सिरीज दिली, विषय संपला. फक्त आमची उलाढाल ५ कोटींच्या वर असल्यानं जीएसटी नंबर असलेल्या दुकानाचं ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल लागतं, त्याला पोर्टलवरनं नंबर घ्यावाच लागतो, ते ऑफलाइन होऊच शकत नाही. म्हणून असल्या दुकानांची टेम्पोवर फक्त ऑर्डर घेतो, बिल ऑफिसातनं. ॲप जीएसटी नंबर बघून बिलाचं बटणच दाखवत नाही, हे मला आवडलं.

आता तक्रारी, त्या पण आहेत.

लॉगिन. ठरावीक दिवसांनी ॲप आपोआप लॉगआउट व्हायचं आणि ओटीपी मागायचं. ओटीपी यायला रेंज लागते हे ऑफलाइन ॲप बनवणाऱ्याला मी सांगायचं का? पोरगा बामणोलीत, ऑर्डर फोनमध्ये, आणि फोन म्हणतोय तू कोण. आता पिन टाकून चालू होतं आणि ओटीपी नेट मिळाल्यावर मागतं, पण हे व्हायला दिवाळी उजाडली.

आपोआप सिंक होतं, म्हणजे फोनमधला डेटा स्वतःहून सर्व्हरला जातो म्हणतात, त्यावर फार विसंबू नका. अँड्रॉइडच बॅकग्राउंडच्या नेहमीच्या कामाला १५ मिनिटांच्या आत परत चालू देत नाही, आणि फोन खिशात शांत पडला की बॅटरी वाचवायला अजून लांबवतो, काही कंपन्यांचे फोन तर ॲप सरळ मारूनच टाकतात. घाट उतरताना दोन मिनिटं रेंज येते आणि जाते, त्यात सिंक होईलच असं नाही. आम्ही सगळ्या फोनमध्ये त्या ॲपचं बॅटरी सेटिंग 'अनरिस्ट्रिक्टेड' केलं आणि पोरांना सांगितलंय की मेढ्यात किंवा पाटणला चहाला थांबलात की ॲप उघडून ठेवा.

फोटोचं अजून बोंबलतंय. दुकानातल्या मांडणीचा फोटो कंपनीला लागतो, एक फोटो तीन-चार एमबीचा, ऑर्डर काही केबीची. दोन्ही एकाच रांगेत, म्हणजे पुढं फोटो अडकला की मागच्या दहा ऑर्डर अडकल्या. ऑर्डर आधी, फोटो रात्री घरच्या वायफायवर, इतकं साधं आहे, पण 'पुढच्या व्हर्जनला' हेच उत्तर मिळतंय.

आणि नवीन दुकानं. पाटण भागात गावागावात भैरवनाथ किराणा आहे. ऑर्डरवाल्या पोरानं ऑफलाइन एक नवीन भैरवनाथ टाकलं, टेम्पोवाल्यानं तेच दुकान परत टाकलं, ऑफिसात दोन खाती झाली, आणि उधारीची लिमिट पण दोनदा मिळाली त्या दुकानदाराला, तो कशाला बोलेल. मोबाइल नंबर सारखा असला की ॲप आता विचारतं दोन्ही एक करू का, पण एकानं दुकानदाराचा दिला आणि एकानं त्याच्या पोराचा, मग काय. हे काम मी दर शनिवारी हातानं करतो.

एक अजून, फोनची मेमरी भरली की पोरं सेटिंगमध्ये जाऊन 'क्लिअर डेटा' मारतात, आणि न पाठवलेल्या ऑर्डरी त्यासोबत जातात, आमचं ॲप ते थांबवत नाही. म्हणून संध्याकाळी वरच्या पट्टीतला अडकलेला आकडा शून्य झाल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा, मगच हिशोब, असा नियम केलाय. ॲपचं रिन्यूअल मार्च एंडला आहे, करणार आहे, फोटोची रांग वेगळी करून देतो असं लिहून घेतल्यावर.