गोचिडांच्या बनावट औषधांपासून सावध राहावे: घोडबंदर रस्त्यावरील एक अनुभव

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या संकुलात आणि आसपासच्या काही इमारतींत गेल्या पावसाळ्यात कुत्र्या-मांजरांच्या गोचीड-पिसवांवरील औषध म्हणून बनावट माल विकला गेला. विकणारा माणूस आता फोन उचलत नाही, परंतु त्याच मजकुराची जाहिरात अजूनही मानपाडा ते कासारवडवली पट्ट्यातील व्हॉट्सॲप गटांवर फिरताना दिसते, म्हणून हा प्रकार सविस्तर मांडत आहे.

रविवारी सकाळी क्लबहाउसपाशी ‘मोफत तपासणी शिबिर’ भरवण्याची परवानगी त्याने संकुलाच्या कार्यालयाकडून घेतली होती. गळ्यात ओळखपत्र, टेबलावर पांढरा कपडा, शेजारी बारीक दातांची फणी. तो प्रत्येक कुत्र्याच्या शेपटीच्या मुळाशी फणी फिरवी, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवी आणि कागदावर तांबूस डाग पसरला की म्हणे, “बघा ताई, ही पिसवांची विष्ठा. हे तुमच्या पिल्लाचंच रक्त आहे.” ही चाचणी खरी आहे. पशुवैद्यकही ती करतात, कारण पिसवेच्या विष्ठेत पचलेले रक्त असते आणि साधी धूळ पाण्यात अशी लाल होत नाही. त्याने सांगितलेल्या बहुतेक गोष्टी बरोबर होत्या, आणि नेमके हेच त्याचे भांडवल होते.

त्यानंतर परदेशी म्हणून सांगितलेल्या, मानेवर टाकायच्या थेंबांच्या नळ्या पुढे येत. दुकानात एका नळीला जेवढे पैसे पडतात, जवळपास तेवढ्यात तो तीन देत असे, आणि वर्षाचे पैसे आगाऊ भरल्यास दरमहा घरपोच पुरवठ्याचे आश्वासन. रक्कम यूपीआयने घेतली जाई, पण ज्या नावावर ती जमा होई ते ओळखपत्रावरील कंपनीचे नव्हते, एका व्यक्तीचे होते. बिलाचे विचारले की “पीडीएफ पाठवतो” हे उत्तर ठरलेले असे. बिल कोणालाही मिळाले नाही.

या मालातील फसवणूक ताबडतोब उघड होत नाही, हे यातील सर्वांत महत्त्वाचे. दूध नासके निघाले तर संध्याकाळपर्यंत कळते. गोचिडाचे औषध खोटे असेल तर ते कळायला आठवडे लागतात, आणि तोवर विक्रेत्याजवळ शास्त्रशुद्ध वाटणारी कारणे तयार असतात. थेंब टाकूनही पिसवा दिसतात अशी तक्रार गेल्यावर तो सांगे की घरातील कोशांतून नव्या पिसवा बाहेर पडत आहेत. हे खोटे नाही. पिसवांच्या एकूण संख्येपैकी अगदी थोड्या जनावराच्या अंगावर असतात. अंडी, अळ्या आणि कोश सतरंजीत, सोफ्याच्या फटींत, अंथरुणाखाली असतात, आणि कोशातील पिसवेपर्यंत फवारा सहसा पोहोचत नाही. म्हणून अस्सल औषध वापरूनही काही आठवडे पिसवा दिसू शकतात. गोचीड दिसल्याची तक्रार गेली की तो म्हणे, “चावल्याशिवाय मरत नाही, दोन दिवस थांबा.” हेही बऱ्याच औषधांच्या बाबतीत खरे आहे. फ्लुरालनेर, अफोक्सोलनेर यांसारख्या खाण्याच्या गोळ्या असतील तर गोचीड चावल्यावरच मरतो; फिप्रोनिलच्या थेंबांना चावण्याची गरज नसते, पण तेथेही गोचीड अंगावर चढू शकतो आणि मग मरतो.

या उत्तरांना तोंड देता येईल अशी एक खूण मात्र आहे, आणि ती आम्हांला पशुवैद्यकांकडून समजली. मादी गोचीड रक्त पिऊन वाटाण्याएवढी, करड्या रंगाची फुगते, आणि त्यासाठी तिला कातडीला चिकटून साधारण आठवडाभर राहावे लागते. औषध टाकून पंधरवडा उलटल्यावर अंगावर अशा टम्म फुगलेल्या माद्या पुन्हा पुन्हा सापडत असतील, तर त्या आठवडाभर निर्धोक जेवत आहेत, म्हणजेच औषध काम करत नाही. त्यातली प्रत्येक मादी खाली पडून भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालू शकते. कुत्र्यांवरील तपकिरी गोचीड घराच्या आतही वाढतो, त्यामुळे केवळ बाहेरच्या गवताला किंवा येऊरच्या बाजूने येणाऱ्या भटक्या कुत्र्यांना दोष देऊन भागत नाही.

आमच्या कुत्र्याच्या, बंड्याच्या कानामागे अशाच माद्या सापडत होत्या. पुढे त्याने जेवण सोडले, अंग तापले, हिरड्या फिक्या पडल्या. रक्ततपासणीत प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) फारच कमी निघाल्या आणि गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकिया संसर्गाचे निदान झाले. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या चार आठवड्यांच्या उपचाराने तो बरा झाला, परंतु उपचारांचा खर्च नळ्यांवर ‘वाचवलेल्या’ रकमेच्या कितीतरी पट होता. डॉक्टरांनी खोके मागवून घेतले आणि टेबलावर ओळीने मांडले. लहान कुत्र्याच्या व मोठ्या कुत्र्याच्या नळ्यांत औषधाची मात्रा वेगळी असते, तरी सर्व खोक्यांवर बॅच क्रमांक एकच होता. मुदतीच्या तारखेवर चिकटपट्टी होती. ती नखाने सोलल्यावर खाली आधीच संपलेली तारीख निघाली.

याहून गंभीर प्रकार वरच्या मजल्यावरील काकूंच्या मांजरीचा झाला. तिच्यासाठी दिलेल्या नळीवर मांजराचे चित्र असलेला कागद डकवलेला होता आणि त्याखाली मांजरावर फुली मारलेले मूळ चित्र होते. आत कुत्र्यांसाठीचे, परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले द्रव्य होते. मांजराच्या यकृताला परमेथ्रिनचा नीट निचरा करता येत नाही. काही तासांतच ती थरथरू लागली, तिला झटके आले. रुग्णालयात सौम्य साबणाने अंग धुऊन, झटक्यांवरील औषधे देऊन तिला वाचवण्यात आले. मांजरावर चुकून कुत्र्याचे थेंब पडले असतील तर ‘थोडे थांबून पाहू’ असे म्हणणाऱ्याचे ऐकू नये. ही तातडीची बाब आहे.

खरेदी करताना काय पाहावे, हे आता आमच्या संकुलात सर्वांना पाठ झाले आहे. प्राण्यांच्या औषधाच्या वेष्टनावर ते माणसासाठी नाही, फक्त प्राण्यांसाठी आहे अशी सूचना, पाळीव जनावराच्या डोक्याचे चिन्ह, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत हे सर्व छापलेले असावे लागते. चिकटवलेला मजकूर दिसला की खोके परत करावे. विक्रेत्याकडे औषध विक्रीचा परवाना हवा; शिबिरातील टेबलाला तो नसतो. आणि नोंदणीकृत पशुवैद्यक नसलेला कोणी ‘वर्षभर पुरणारे इंजेक्शन’ देऊ लागला, तर त्याला प्राण्याला हातही लावू देऊ नये.

आम्ही उरलेल्या सीलबंद नळ्या, यूपीआय व्यवहारांच्या नोंदी आणि गटावरील जाहिरातीची छायाचित्रे जोडून अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. पैशांबाबत सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर लगेच नोंद करता येते, ग्राहक म्हणून १९१५ वर तक्रार करता येते. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ नुसार विकत घेतलेले औषध शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार कोणत्याही नागरिकाला आहे. ज्यांच्या घरी या माणसाने दिलेल्या न उघडलेल्या नळ्या असतील, त्यांनी त्या रागाच्या भरात कचऱ्यात टाकू नयेत. वेष्टनासह थंड, कोरड्या जागी ठेवून त्या तक्रारीसोबत द्याव्यात, कारण उघडलेल्या नळीत आधी काय होते हे नंतर सिद्ध करणे फार कठीण जाते.