18 चा ठेवावा की 27 चा घ्यावा? द्राक्षबागेतला माझा हिशेब

मागच्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मी याच पेचात होतो: 18 एचपीचा (अश्वशक्तीचा) जुना ट्रॅक्टर ठेवावा की 27 चा नवा घ्यावा? आता माझ्यासारखाच कुणी अडकला असेल तर त्याच्या कामी यावं म्हणून लिहितोय. माझी बाग निफाड तालुक्यात आहे, जमीन काळी, भारी. चार एकर 9 बाय 5 वर (दोन ओळींत 9 फूट, दोन झाडांत 5 फूट), वाय पद्धतीची, म्हणजे वाय आकाराच्या आधारावर तारा ताणलेली, आणि विहिरीकडचा जुना एकर 8 बाय 4 चा. 2018 पासून 18 एचपीचा टू-व्हील (फक्त मागच्या चाकांना ओढ असलेला) मिनी ट्रॅक्टर वापरला. सात हंगाम त्यानं इमानानं काम केलं. आता 27 एचपीचा फोर-व्हील (चारही चाकांना ओढ असलेला) आहे. दोन्हींच्या कंपन्या सांगत नाही, कारण माझं म्हणणं कंपनीचं नसून आकाराचं आहे. या वर्गात काय काय मिळतं ते तुम्हाला ठाऊकच आहे: व्हीएसटीचा 180, वर जिवो 245, कुबोटाचे 2441 आणि 2741, जॉन डिअरचा 3028. माहितीपत्रकातले आकडे इथे पुन्हा लिहीत नाही.

आधी छोट्याची बाजू सांगतो, कारण लोक ती फार लवकर सोडून देतात.

18 चा ट्रॅक्टर बागेत शिरला की बागेला कळत नाही. डिसेंबरात कॅनोपी (वेलीचा पानोरा) भरलेली असते, घड लोंबत असतात, तरी मडगार्ड काडीला लागत नाही. चालवणारा खाली बसतो, त्यामुळे वायच्या तारा डोक्याला येत नाहीत. डिझेलचं मी मोजमाप ठेवलं नाही, पण 20 लिटरच्या कॅनमध्ये छोट्यावर माझे चार दिवस जायचे, मोठ्यावर तीनच जातात. वजन कमी, म्हणून त्याच त्या दोन चाकोऱ्यांतून हंगामभर फिरूनही माती तेवढी दाबली जात नाही. मेस्तरी गावातलाच, सामान पिंपळगावात मिळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याचे हप्ते केव्हाच फिटलेले होते. घरात हाच मुद्दा निघाला आणि तो खोटा नव्हता: चालतोय तो ट्रॅक्टर, कशाला बदलायचा?

रोटाव्हेटरचं म्हणाल तर छोट्यावर तीन फुटी, मोठ्यावर चार फुटी. छोट्यानं ओळीत दोन फेरे, मोठ्यानं एका फेऱ्यात बरंचसं उरकतं. पण द्राक्षात रोटाव्हेटर वर्षातून लागतो किती वेळा? तेवढ्यासाठी कुणी ट्रॅक्टर बदलू नये. माल काढताना कॅरेट ओढायला दोन्ही चालतात.

माझा निर्णय झाला तो ब्लोअरच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या पंख्यानं औषध उडवणाऱ्या फवारणी यंत्राच्या, आवाजावर.

एकटा छोटा मिनी वापरणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहीत असेल, पण त्याची इतकी सवय होते की ते खटकेनासं होतं. माझ्या 18 ला सिंगल क्लच होता. म्हणजे क्लच दाबला की गाडी थांबते आणि पीटीओही, म्हणजे मागच्या यंत्राला इंजिनाची ताकद देणारा फिरता शाफ्टही, थांबतो. माझ्या बागेच्या कडेला वळायला जागा कमी आहे, बांध आणि ओळीच्या शेवटच्या अँगलच्या (लोखंडी खांबाच्या) ताणतारा यांच्यामध्ये जेमतेम अकरा-बारा फूट. एका झोकात वळण बसत नाही. पुढे, थोडं मागे, पुन्हा पुढे. त्यात दोनदा तरी क्लच दाबावा लागतो. दाबला की मागे ब्लोअरचा आवाज खाली बसतो, सोडला की पुन्हा चढायला लागतो, आणि तो पुरता चढेपर्यंत ट्रॅक्टर पुढच्या ओळीत दोन झाडं आत गेलेला असतो.

ऐकायला ही बारीक गोष्ट वाटते. मी एकदा कागदावर मांडून पाहिली. 9 फुटी ओळींत एका एकरात 4,840 फूट चालणं होतं. माझ्या ओळी सुमारे 300 फुटांच्या, म्हणजे एकराला 16 ओळी, चार एकरांना 64. तितकीच वळणं. प्रत्येक वळणानंतर डावी-उजवी मिळून पहिली चार झाडं धरली तर 256 झाडांच्या एका बाजूला दर फवारणीत अर्धंमुर्धं औषध. आणि दर वेळी तीच झाडं! फवारणी आज केली काय आणि परवा केली काय, चुकणारी झाडं बदलत नाहीत.

यावर उपाय नव्हता असं नाही. ओळीच्या तोंडाशी थांबायचं, पंख्याचे फेरे पुरते चढू द्यायचे, मग शिरायचं. मी ते दोन हंगाम केलं. पण पाऊस उघडल्यावर पुढचा ढग येण्याआधी पाच एकर उरकायचे असतात, तेव्हा 64 ठिकाणी थांबणं कुणाच्याच हातून होत नाही. माझ्याकडे फवारणी पुतण्या करतो, पहाटे चारला दिवे लावून सुरू करतो. तो कामात चोख आहे, तरी आठव्या-दहाव्या वळणानंतर तोही थांबायचा नाही. त्याला मी काय बोलणार?

दुसरी जागा सातव्या ओळीची. तिथे वरच्या शेतातलं पाणी पाझरतं आणि दिवाळीपर्यंत जमीन ओली राहते. पाठीवर 200 लिटरचा भरलेला ब्लोअर घेऊन छोटा तिथे आला की मागची चाकं घसरायची, इंजिन दबायचं. पुतण्या म्हणायचा, "काका, सातवीला पोचलं की याचा दम जातो बघा. औषध उडतं, पण आत शिरत नाही." त्याचं म्हणणं बरोबर होतं. पंख्याचे फेरे घटतात त्या प्रमाणात हवा घटते, पण हवेचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांवरून 450 वर आला तर फेरे सहाव्या हिश्श्यानेच कमी झालेले दिसतात, पण दाब जवळजवळ 30 टक्के गेलेला असतो. समोरून पाहणाऱ्याला धुकं तसंच दिसतं. पानं ओली दिसतात. फक्त पान उलटत नाही, आणि डाऊनी (बुरशीसारखा रोग) तर पानाच्या खालच्या बाजूला बसते.

हे मला आधी पटत नव्हतं. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जिल्ह्यातल्या बागांची पावसानं काय दशा केली ते सगळ्यांना आठवत असेल. त्या वर्षीचं नुकसान मी ट्रॅक्टरच्या माथी मारत नाही. पण त्याच वर्षी पहिल्यांदा लक्षात आलं की माझ्याकडे डाऊनीचे तेलकट डाग ओळींच्या तोंडाशी आणि सातव्या ओळीत आधी आले, मग मधे पसरले. पुढच्या वर्षी माल उतरल्यावर बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारला तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम ओळीत वाकून पानं उलटून पाहिली. ओळीच्या मध्यावर पानाच्या खालच्या बाजूला निळसर थर सारखा बसलेला, शिरेच्या दोन्ही अंगांना. तोंडाच्या दुसऱ्या झाडावर वरून निळं, आणि आतल्या पानांची खालची बाजू हिरवीगार, कोरडी. पाच-सहा ओळींत तसंच. त्या दिवसानंतर पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या मला ब्लोअरचा आवाज बसलेला ऐकू यायचा आणि मी वळणं मोजत राहायचो.

आता मोठ्याचं. माझ्या 27 ला पीटीओ स्वतंत्र आहे. क्लच दाबला, गियर बदलला, मागे घेतला, तरी ब्लोअर एका सुरात चालू राहतो. पुढच्या चाकांना ओढ असल्यानं सातव्या ओळीत तो घसरत नाही, आणि ताकद शिल्लक असल्यानं इंजिन दबत नाही. मागे 400 लिटरचा ब्लोअर उचलून घेतो, म्हणून पाणी भरायला निम्म्या खेपा. (400 चा उचलणार असाल तर पुढे वजनं लावल्याशिवाय चालवू नका. स्टिअरिंग हलकं पडतं आणि बांधावर चढताना पुढचं तोंड उचलतं.) गेल्या हंगामात पाऊस लांबला, छाटणीनंतर पोंग्यापासून (डोळा फुटण्यापासून) फुलोऱ्यापर्यंत आमची झोप उडाली होती. तरी ओळींच्या तोंडाची झाडं आणि मधली झाडं यांत मला फरक दिसला नाही. एकाच हंगामाचा अनुभव आहे, त्यावरून छातीठोकपणे सांगू नये हे मला कळतं. पण 2019 पासून जो फरक डोळ्यांना दिसत होता तो त्या हंगामात दिसला नाही, एवढं मी सांगू शकतो.

इथे एक सावधगिरी. एचपी वाढली म्हणजे पीटीओ स्वतंत्र होतोच असं नाही. 24 च्या वरही काही मॉडेलांत क्लच साधाच असतो. शोरूममधल्या माणसाला विचारलं तर तो "सगळं आहे" म्हणतो. आपण स्वतः बसायचं, पीटीओ चालू करायचा, क्लच पूर्ण दाबायचा आणि मागे वळून शाफ्टकडे बघायचं. फिरत राहिला तर पुढची बोलणी. ट्रेल्ड (उचलून न घेता मागे चाकांवर ओढायचा) ब्लोअर वापरणाऱ्यांनी माझा वळणाचा हिशेब तसाच्या तसा घेऊ नये. त्यांना कडक वळणावर शाफ्टचा कोन वाढतो म्हणून पीटीओ बंदच करावा लागतो, त्यांचं दुखणं वेगळं आहे.

24 चा मधला मार्ग मी पाहिला. चार एकरांच्या आत, 9 फुटी ओळ आणि निचऱ्याची जमीन असेल, तर तो पुरेल असं मला वाटतं, अट एकच, पीटीओ स्वतंत्र हवा. माझ्या पाझराच्या ओळीमुळे मी एक पायरी वर गेलो.

मोठ्यानं मला काय त्रास दिला तेही सांगायला हवं. विहिरीकडचा 8 बाय 4 चा एकर त्याला सोसत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जातो, नंतर मडगार्डला काड्या घासतात आणि घडांच्या खांद्यावरचे मणी खरचटतात. पहिल्याच फेरीत ते दिसलं आणि मी तिथे ट्रॅक्टर नेणं थांबवलं. आता त्या एकराला एचटीपीच्या (जास्त दाबाच्या फवारणी पंपाच्या) गननं औषध मारतो. दोन माणसं, नळी ओढायला तिसरा, अर्धा दिवस जातो. हा खर्च ट्रॅक्टर घेताना माझ्या हिशेबात नव्हता. तुमची सगळीच बाग 8 फुटी असेल तर माझं ऐकू नका, छोटाच ठेवा आणि वळणाची जागा मोकळी करा. बांधाकडचं एक-एक झाड काढलं तरी चालेल. एका झोकात वळण बसलं तर क्लच दाबावाच लागत नाही आणि निम्मं दुखणं तिथेच संपतं. मला ते करता आलं नाही, कारण माझा बांध सामाईक आहे आणि शेवटचे अँगल काँक्रीटमध्ये बसवलेले आहेत.

दुसरं, आसन उंच. पुतण्याची उंची पावणेसहा फूट, त्याला दोन ठिकाणी मान खाली घालावी लागते. मागची सुरक्षेची कमान बागेत दुमडून ठेवतो, रस्त्यावर आलो की उभी करतो. हे रोज करावं लागतं, आणि कंटाळा केला तर रस्त्यावर जिवाशी गाठ आहे. तिसरं, चिखलात फोर-व्हीलच्या पुढच्या एक्सलची सील जपावी लागते. फवारणी झाली की पुढची चाकं धुऊन ठेवतो. टायर चार, आणि चारही झिजणारे.

पैशाचं बोलायचं तर 27-28 चा फोर-व्हील छोट्यापेक्षा बराच महाग पडतो. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, म्हणजे सहा लाखांच्या मूळ किमतीला 42,000 रुपयांचा फरक. माझं घोडं तिथेच पुढे सरकलं हे खरं. पण नुसता कर कमी झाला म्हणून कुणी उठून घेऊ नये. तीन एकरांच्या आत बाग असेल आणि दुसऱ्याच्या बागेत भाड्यानं फवारणी करायचा विचार नसेल, तर हप्ता अंगावर येईल असं माझं प्रामाणिक मत आहे. पाच एकर, भारी जमीन, 9 किंवा 10 फुटी ओळ आणि कडेला अडचणीची वळणं, अशी बाग असेल तर मी वाट पाहिली तशी सात वर्षं पाहू नका.

डेमो मागाल तेव्हा रिकामा ट्रॅक्टर रस्त्यावर फिरवून परत पाठवू नका. आपला ब्लोअर जोडा, साधं पाणी भरा, टाकी पूर्ण भरा. आपल्या बागेतल्या सगळ्यात वाईट ओळीत घाला, शेवटी वळवा आणि पुढच्या ओळीत आणा. चालवायला दुसऱ्या कुणाला बसवा. आपण ओळीच्या तोंडाशी दुसऱ्या झाडापाशी उभं राहून आवाज ऐका, आणि ट्रॅक्टर पुढे गेला की आतलं एक पान उलटून पाहा.