क्रीम फेटण्याची वायूची नळकांडी
८ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड भरलेली ही पोलादी नळकांडी क्रीम फेटण्याचे काम चोख करते. मात्र नशेसाठी हाच वायू हुंगणाऱ्यांना वेष्टनावरील त्रोटक सूचनेतून खरा धोका कळत नाही, हा मला गंभीर दोष वाटतो. हा वायू शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो, त्यामुळे मज्जारज्जूतील चेतातंतूंचे आवरण खराब होते आणि पायांच्या मुंग्यांपासून सुरू झालेला त्रास तोल जाण्यापर्यंत, कधी कायमच्या अपंगत्वापर्यंत पोहोचतो. रक्तातील बी-१२ची पातळी अशा वेळी सामान्यही दिसू शकते, म्हणून होमोसिस्टीनची (बी-१२ निकामी झाल्यावर रक्तात वाढणाऱ्या घटकाची) तपासणी महत्त्वाची ठरते. दंतवैद्य हा वायू ऑक्सिजनसोबत देतात; नळकांडीत ऑक्सिजन नसतो आणि गुदमरून मृत्यूही ओढवू शकतो.