‘मोफत पाणी तपासणी’ करायला कोणी दारात आलं, तर त्याआधी हे वाचून ठेवा

माझे आईबाबा पुण्यात कर्वेनगरला राहतात, दोघंही सत्तरीच्या पुढचे. २०२५च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर परिणाम करणाऱ्या गिलेन-बारे सिंड्रोमचे, रुग्ण सापडायला लागले. दूषित पाण्याचा विषय घराघरांत निघाला. आईने तर गाळलेलं पाणी पुन्हा उकळायला सुरुवात केली होती. नेमक्या त्याच दिवसांत गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण दारात आला. “काकू, पाण्याची मोफत तपासणी चालू आहे, महापालिकेच्या सगळ्या भागांत करतोय.” आपण महापालिकेचे आहोत असं तो म्हणाला नाही, पण ऐकणाऱ्याला तसंच वाटावं अशी वाक्यरचना होती.

त्याने दोन ग्लास मागितले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं. दोन्हींत सळया असलेलं एक यंत्र बुडवलं आणि बटण दाबलं. थोड्याच वेळात नळाचं पाणी आधी हिरवट, मग तांबडं-काळपट झालं, वर फेस आणि मळीसारखा गाळ तरंगायला लागला. त्याच्या बाटलीतलं पाणी होतं तसंच राहिलं. “काका, हे तुमच्या पोटात जातंय रोज.” तो गाळ बघितल्यावर आई घाबरून गेली. साडेअठरा हजारांचा आरओ त्याच संध्याकाळी ठरला. काही रक्कम रोख, बाकीची मोबाइलवरून. दुसऱ्या दिवशी यंत्र बसलं. पावतीवर ना पत्ता, ना जीएसटी क्रमांक. महिनाभरात यंत्र गळायला लागलं, तेव्हापासून त्या माणसाचा फोन बंद आहे.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. त्या दिवशी मी तिथे नव्हते. हा प्रकार मला कळला तो यंत्र भिंतीवर चढल्यावर. पण त्या ग्लासात काय झालं हे आईबाबांना पटवणं मला गरजेचं वाटलं, कारण पैशापेक्षा त्यांच्या मनात बसलेली भीती जास्त त्रास देत होती. आई नळाच्या पाण्याने भाजीसुद्धा धुवेना.

मी त्या नवीन आरओमधलंच पाणी एका ग्लासात घेतलं. दोन लोखंडी खिळे, नऊ व्होल्टची बॅटरी, वायरचे दोन तुकडे. खिळे बुडवले, जोडणी केली. काहीच घडलं नाही. मग स्वयंपाकघरातलं चिमूटभर मीठ टाकून ढवळलं. एका खिळ्यावरून बारीक बुडबुडे सुटायला लागले, दुसऱ्याभोवती हिरवट धूर पसरल्यासारखं दिसलं आणि बघता बघता तोच तांबडा गाळ तयार झाला. खिळा बाहेर काढला तर त्याच्यावर बोटाला लागतील असे खड्डे पडले होते. बाबा बराच वेळ तो खिळा हातात धरून बसले. “म्हणजे त्याने आपल्याला त्याच्याच सळईचा गंज दाखवला?” 

हो, तेच. पाण्यातून वीज वाहते ती त्यात विरघळलेल्या क्षारांच्या आयनांमुळे, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांमुळे. वीज वाहायला लागली की धन टोकाची लोखंडी सळई झिजते, तिचं लोह पाण्यात उतरतं. ऋण टोकाला हायड्रोजन वायू सुटतो आणि तिथे हायड्रॉक्साइड तयार होतं. दोन्ही एकत्र आले की लोहाचं हिरवट हायड्रॉक्साइड बनतं, हवेतल्या ऑक्सिजनने ते तांबडं होतं. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि सळई झिजत नाही. तो गाळ पाण्यात आधीपासून नव्हताच.

त्याच माणसाने टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, दाखवणारा मीटरही लावला होता. नळाच्या पाण्याचा आकडा ८६ आला आणि तो म्हणाला, “बघा, शहाऐंशी टक्के अशुद्धी.” हे धडधडीत खोटं आहे. तो आकडा टक्क्यांचा नसतो, एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम क्षार आहेत याचा तो अंदाज असतो. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, ५०० पर्यंतचं पाणी स्वीकारार्ह धरलं आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासला साखळीतल्या धरणांत सह्याद्रीत पडलेला पाऊस साठतो. त्याचा खडकाशी संबंध थोडाच काळ येतो, म्हणून त्यात क्षार कमी असतात. शिवाय मीटर काही क्षार मोजत बसत नाही. तो फक्त वीज किती सहज वाहते ते बघतो आणि त्यावरून आकडा दाखवतो. ग्लासात चमचाभर साखर विरघळवा, आकडा फारसा हलणार नाही. त्या साथीत ज्या कॅम्पायलोबॅक्टर जंतूचं नाव पुढे आलं, तो पाण्यात असला तरी मीटर ८६च दाखवू शकतो. म्हणजे ज्या भीतीवर त्याने यंत्र विकलं, ती गोष्ट त्याच्या हातातल्या एकाही उपकरणाला दिसत नव्हती. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा.

आणखी दोन गोष्टी त्याने ‘केमिकल’ म्हणून दाखवल्या. पहिली, सकाळी नळाला दुधासारखं पांढरं पाणी येतं ते. पाइपात दाब असतो तेव्हा पाण्यात हवा जास्त विरघळते. नळातून बाहेर पडताच दाब जातो आणि ती हवा बारीक बुडबुड्यांनी सुटते. ग्लास भरून ठेवा. पाणी तळाकडून वर निवळत गेलं तर ती हवाच. दुसरी, त्याने तपासणीच्या द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळं झालेलं पाणी. तो रंग उरलेल्या क्लोरीनचा असतो, आणि नळापर्यंत लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावं अशी त्याच मानकाची अपेक्षा आहे. पिवळा रंग आला नाही तर उलट चौकशी करावी. आरओमधला कार्बन फिल्टर हा क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे यंत्राच्या टाकीत साठलेल्या पाण्याला जंतूंपासून काही संरक्षण उरत नाही. देखभाल झाली नाही तर ते पाणी नळापेक्षा वाईट होऊ शकतं. त्या साथीच्या काळात सिंहगड रस्त्याच्या भागातले काही खासगी आरओ प्रकल्पही महापालिकेने बंद केले होते.

आरओ सगळ्यांनाच निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. उंड्री, पिसोळी, वाघोलीकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि बेसॉल्टच्या भेगांमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो तो याचाच. अशा पाण्याचा आकडा ५००च्या बराच वर असेल तर आरओचा विचार जरूर करा. पण आधी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, विकणाऱ्याच्या हातून नको. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत क्षार आणि जंतू दोन्ही तपासतात. जंतूंची शंका असेल आणि अहवालाला वेळ लागणार असेल, तर तोवर पाणी खळखळून उकळून प्या.

दारात सळयांचं यंत्र घेऊन कोणी आलंच, तर त्याच्या ‘शुद्ध’ पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि मगच बटण दाबू द्या. पैसे देऊन बसला असाल तर पावती, व्यवहाराचा स्क्रीनशॉट, यंत्राचे फोटो जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. आम्ही नोंदवली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत, पण बाबांनी सोसायटीतल्या वरच्या मजल्यावरच्या काकांना तो खिळ्यांचा प्रयोग करून दाखवला आणि त्यांनी त्याच माणसाला दिलेली ऑर्डर रद्द केली.