५ एचपी सोलर पंप: शाळेच्या भाजीसाठी घेतला, दीड वर्षाचा अनुभव

मोहोळ तालुक्यात आमची साडेचार एकर. त्यातल्या २० गुंठ्यांत भाजी, ती दोन जिल्हा परिषद शाळांच्या पोषण आहाराला जाते, मेथी शेपू पालक दोडका शेवगा, जे निघेल ते. पहिली ते पाचवीच्या लेकराला रोज ५० ग्रॅम भाजी आणि सहावी ते आठवीच्याला ७५ असा नियम आहे, म्हणजे २०० पोरं धरली तरी १०-१२ किलो निवडून सकाळी नऊच्या आत पोचवायची. आपलं चुकलं की त्या दिवशी खिचडीत नुसता बटाटा, हे मला सहन होत नाही.

आधी लाईटवरची मोटर, एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री. रात्रपाळीला हे बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे वाफ्यांना पाणी सोडायला जायचे, एकदा वाफ्यात घोणस निघाली तेव्हापासून ते घरी येईपर्यंत मला झोप नसायची. मग मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अर्ज टाकला. अडीच ते पाच एकरला ५ एचपी, आपला हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५.

पंपावर मी खूश आहे. साडेआठला बारीक धार सुरू होते, साडेदहा ते तीन फुल्ल. लोकांना वाटतं ऊन जेवढं कडक तेवढं पाणी जास्त, तसं नाही, पॅनेल तापलं की त्याची ताकद उलट कमी होते, त्यात एप्रिलात बोअरही खाली जातो, त्यामुळे फेब्रुवारीची धार तेव्हा मिळत नाही.

आमची मोठी चूक म्हणजे ड्रिप थेट पंपाला जोडलं. आपल्याकडं जुलैत आभाळ भरून येतं पण पाऊस पडत नाही, ढग आला की प्रेशर पडतं, शेवटच्या ओळीतले ड्रिपर कोरडेच, कडेची मेथी सगळी पिवळी पडली. आता उंचवट्यावर टाकी बांधलीय, दिवसभर पंप टाकी भरतो आणि चार व्हॉल्व्ह करून एकेक भाग भिजवतो. टाकीचे पैसे आधीच बाजूला काढा, ती अनुदानात नाही मिळाली आम्हाला.

सर्व्हिसला मात्र मार्क कमी. ऑगस्टात कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज पंपाला देणारा डबा, बंद पडला, पाच वर्षांची वॉरंटी असून कंपनीचा माणूस एकोणीस दिवसांनी आला, फोन केला की "उद्या येतो ताई". तोवर शेजारच्या भाऊंच्या बोअरवरून पाईप ओढून भाजी जगवली. अर्जात कंपनी निवडताना तालुक्यात त्यांचा माणूस राहतो का तेवढं आधी विचारा.

आणि पॅनेल सकाळी थंड असतानाच पुसा, बोअरचं पाणी तसंच वाळू दिलं तर क्षाराचे पांढरे डाग धरतात. आमच्या लिंबाची सावली चारनंतर एकाच पॅनेलवर यायची तर सगळीच धार बारीक व्हायची, दोन फांद्या तोडल्या तेव्हा पाणी साडेपाचपर्यंत यायला लागलं.