नमुना एक, माल दुसरा: पक्ष्याच्या पिंजऱ्याच्या खरेदीत झालेली फसवणूक

पुण्यातील एका दुकानाने ‘स्टेनलेस स्टील, ३०४ ग्रेड’ असे सांगून आमच्या घरी जो पिंजरा पाठवला, तो प्रत्यक्षात जस्ताचा मुलामा दिलेल्या साध्या लोखंडी तारेचा होता आणि त्यावर चंदेरी रंगाचा पातळ फवारा मारलेला होता. त्या पिंजऱ्यात राहिलेल्या आमच्या कॉकाटीलच्या जोडीपैकी मादीला जस्ताची विषबाधा झाली. ती वाचली, पण तिला झालेला त्रास आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. ही फसवणूक कशी केली जाते, ती कुठे पकडता येते आणि पैसे परत मिळवण्यासाठी काय करता येते, हे येथे सविस्तर लिहीत आहे, कारण चौकशी करू लागल्यावर असाच अनुभव आलेले इतर पक्षीपालकही भेटले.

कॉकाटील हा ऑस्ट्रेलियातील, डोक्यावर तुरा असलेला लहान पोपट आहे. त्याचे वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम असते. सर्वच पोपट चढताना चोचीचा उपयोग पायासारखा करतात आणि रिकामा वेळ चावण्यात घालवतात, त्यामुळे पिंजऱ्याची तार दिवसभर त्यांच्या तोंडात असते. इतक्या लहान शरीरात धातूचे बारीक कण गेले तरी पुरेसे होतात. हे विक्रेत्यांना ठाऊक नसते असे मानण्यास मी तयार नाही, कारण त्याच दुकानदाराने स्टीलचा पिंजरा का घ्यावा हे आम्हाला समजावताना जस्ताचे धोके स्वतःच सांगितले होते.

दुकानात मांडलेला नमुना खरोखरच उत्तम होता. सांधे घासून गुळगुळीत केलेले होते, सळ्यांमधील अंतर कॉकाटीलला योग्य असे होते आणि दुकानदाराने खिशातून लोहचुंबक काढून आमच्यासमोर सळीला लावून दाखवले, ते साध्या लोखंडाला चिकटते तसे चिकटले नाही. किंमत साडेचौदा हजार रुपये ठरली. त्यानंतर, ‘हा नमुना विकायचा नाही, तुमचा पिंजरा गोदामातून बंद खोक्यात येईल,’ असे सांगण्यात आले. पूर्ण रक्कम आगाऊ घेतली गेली आणि हातात एक कच्चे बिल पडले, ज्यावर केवळ ‘पक्ष्यांचा पिंजरा, मोठा, १ नग’ एवढेच लिहिले होते. पक्के बिल मागितल्यावर ते मालाबरोबर येईल असे उत्तर मिळाले. ते कधीच आले नाही. माझ्या मते हा सगळा व्यवहार नमुना आणि माल यांच्यामधील याच फटीवर उभा आहे: तपासणी एका वस्तूची होते, पैसे तिच्यासाठी दिले जातात आणि घरी येते ती वस्तू वेगळीच असते.

टेंपोतून आलेल्या खोक्यावर उत्पादकाचे नाव, पत्ता, निर्मितीचा महिना किंवा कमाल किरकोळ किंमत यांपैकी काहीही नव्हते. वेष्टनबंद मालावर हा तपशील छापणे वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. जोडणीसाठी आलेल्या माणसाने घाईघाईने पिंजरा उभा केला आणि तो निघून गेला. सळ्यांमधील अंतर नमुन्यापेक्षा बरेच जास्त, जवळजवळ एक इंच होते. कॉकाटीलसाठी ते साधारण १२ ते १५ मिलिमीटर असावे लागते, कारण त्याहून रुंद फटीत पक्षी डोके घालतो आणि अडकतो. दुकानात फोन केला असता, ‘हे त्याच कारखान्याचे नवीन मॉडेल आहे, पुढच्या लॉटमध्ये बदलून देतो,’ असे आश्वासन मिळाले. ‘पाच फुटी’ म्हणून सांगितलेल्या उंचीत दोन फुटांहून अधिक भाग चाके आणि स्टँड यांचाच होता. पक्षी वर-खाली नव्हे तर आडवा उडतो, त्यामुळे पिंजऱ्याची लांबी आणि रुंदी महत्त्वाची असते, आणि उंचीच्या आकड्याने गिऱ्हाइकाला भुलवणे ही या धंद्यातील सर्रास चालणारी गोष्ट आहे.

पावसाळा सुरू झाल्यावर सांध्यांवर पांढरी भुकटी दिसू लागली. बोट फिरवले की ती बोटाला लागत असे. दुकानदाराने ती पॉलिशची पावडर असल्याचे आणि ओल्या फडक्याने पुसून काढण्याचे सांगितले. प्रत्यक्षात ती जस्ताची पांढरी गंज होती. दमट हवेत जस्ताच्या मुलाम्यावर ती चढते आणि स्टेनलेस स्टीलवर ती कधीच येत नाही. पुढे खाण्याच्या वाटीजवळचा चंदेरी रंग पापुद्र्यांसारखा सुटू लागला आणि मादी नेमके तेच पापुद्रे कुरतडू लागली.

लक्षणे हळूहळू आली. ती नेहमीपेक्षा पुष्कळ पाणी पिऊ लागली, विष्ठा पातळ आणि गडद हिरवी झाली, पिसे फुगवून ती दांडीच्या एका टोकाला बसून राहू लागली आणि खाल्लेले दाणे उलटून टाकू लागली. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर तिचे वजन उतरलेले दिसले. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात, कारण निसर्गात दुर्बळ दिसणारा पक्षी आधी मारला जातो, त्यामुळे वजनाची नियमित नोंद हाच घरच्या घरी मिळणारा खरा इशारा असतो. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांनी पहिला प्रश्न पिंजऱ्याविषयीच विचारला. क्ष-किरण चित्रात पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या स्नायुमय जठरात, धातूचे ठिपके दिसले. रक्ताचा नमुना घेताना त्यांनी रबरी बूच नसलेली नळी मुद्दाम वापरली, कारण रबरातूनही जस्त नमुन्यात उतरते आणि तपासणी चुकते. हा बारकावा ज्यांना आपल्या पक्ष्याची अशी तपासणी करून घ्यावी लागेल त्यांनी लक्षात ठेवावा. जस्ताचे प्रमाण वाढलेलेच निघाले. कॅल्शियम ईडीटीए या औषधाची इंजेक्शने दिली गेली. हे औषध रक्तातील जड धातूला बांधून मूत्रपिंडावाटे बाहेर काढते. अर्थात पक्ष्याला त्या पिंजऱ्यातून आधी हलवले नसते तर औषधाचा काहीच उपयोग झाला नसता, कारण नवीन जस्त पोटात जातच राहिले असते.

वैद्यांचा अहवाल घेऊन दुकानात गेल्यावर दुकानदाराने पक्ष्याने बाहेरचे काहीतरी खाल्ले असेल असे सांगितले आणि कच्च्या बिलावर छापलेल्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीकडे बोट दाखवले. अशी ओळ वाचून बरेच लोक माघारी फिरतात. त्यांना सांगावेसे वाटते की ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घेण्यास व पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे आणि बिलात मुदत दिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. विक्रीचे बिल न देणे हीसुद्धा त्याच कायद्याखाली अनुचित व्यापार प्रथाच आहे. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि दुकानदाराला लेखी नोटीस पाठवली. आमच्या बाजूने सर्वांत उपयोगी ठरले ते व्यवहार ठरण्यापूर्वीचे व्हॉट्सॲपवरील संदेश, ज्यांत त्याने नमुन्याचे छायाचित्र पाठवून खाली ‘एसएस ३०४’ असे स्वतः लिहिले होते. नोटीस मिळाल्यानंतर पिंजऱ्याची रक्कम परत आली. उपचारांचा खर्च देण्यास त्याने नकार दिला, म्हणून त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील देणे सक्तीचे नाही.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. त्याच दुकानात गोल, घुमटाकार छोट्या पिंजऱ्यांत हिरवे देशी पोपट ‘पिंजऱ्यासह’ विकायला होते. गळ्याभोवती कंठ असलेला आपला पोपट आणि मोठा पहाडी पोपट हे दोन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना विकणे, विकत घेणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. पक्षी परदेशी जातीचा असला तरी अरुंद पिंजऱ्याला कायद्याची मुभा नाही: प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात ठेवणे हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे क्रूरतेत मोडते. जे दुकान देशी पोपट उघडपणे विकते, त्याच्या तोंडी आश्वासनाला काही किंमत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आता खरेदीविषयी. नमुना पाहून पैसे देऊ नयेत. खोके आपल्यासमोर उघडावे, प्रत्येक बाजू तपासावी आणि मगच उरलेली रक्कम द्यावी. लोहचुंबक स्वतःचे न्यावे आणि ते तारेला, सांध्याला, दाराला, कडीला व तळाच्या जाळीला असे सर्वत्र लावावे, कारण सळ्या स्टीलच्या आणि दार साध्या लोखंडाचे असेही विकले जाते. ३०४ ग्रेडचे स्टील वाकवलेल्या जागी किंचित ओढ दाखवू शकते, पण ते घट्ट चिकटत नाही. मात्र केवळ या चाचणीवर विसंबणेही धोक्याचे आहे, कारण २०२ ग्रेडच्या स्वस्त स्टीलला, ज्यात निकेल कमी असते आणि जे लवकर गंजते, चुंबक चिकटत नाही. म्हणून ग्रेड, आतली लांबी-रुंदी-उंची आणि सळ्यांमधील अंतर हे सर्व पक्क्या बिलावर लिहून घेणे हाच खरा बंदोबस्त आहे. लिहून देण्यास दुकानदार खळखळ करू लागला तर तेथून निघावे. स्टील परवडत नसेल तर चांगल्या पावडर कोटिंगचा, म्हणजे भट्टीत भाजून पक्क्या केलेल्या रंगाचा, पिंजरा चालतो, परंतु तो जस्त व शिसे यांपासून मुक्त असल्याचे लेखी घ्यावे आणि तळाच्या एखाद्या कोपऱ्यात नखाने खरवडून कोटिंग सुटते का ते पाहावे. एका कॉकाटीलसाठी २४ इंच लांब, १८ इंच रुंद आणि २४ इंच उंच ही सर्वसाधारणपणे किमान मानली जाणारी मापे आहेत. जोडीसाठी त्यांहून मोठाच घ्यावा. गोल पिंजरा घेऊ नये, कारण घुमटाकडे जुळत गेलेल्या सळ्यांत पाय आणि चोच अडकते.

ज्यांच्याकडे आधीच जस्ताच्या मुलाम्याचा पिंजरा आहे आणि तो लगेच बदलणे शक्य नाही, त्यांनी तो पांढऱ्या व्हिनेगरने व ताठ केसांच्या ब्रशने घासून, भरपूर पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा. सुटी भुकटी त्याने निघते, धोका कमी होतो, पण संपत नाही. पिंजरा सुरक्षित असूनही आतल्या वस्तूंतून जस्त आणि शिसे येऊ शकते, ही बाब आम्हाला वैद्यांनी दाखवून दिली: खेळणी टांगण्याचे स्वस्त हूक, बारीक साखळ्या आणि घुंगरांच्या आतील गोळ्या हे सर्व आम्ही काढून टाकले.

नवीन पिंजरा आम्ही बसण्याच्या खोलीत, एक बाजू भिंतीला टेकवून आणि डोळ्यांच्या उंचीवर ठेवला आहे. स्वयंपाकघराजवळ तो मुद्दाम ठेवलेला नाही, कारण नॉनस्टिक भांडे जास्त तापले की त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. दुकानातून आलेल्या एकसारख्या जाडीच्या गुळगुळीत दांड्या काढून पेरू आणि कडुनिंबाच्या, औषधफवारणी न झालेल्या, वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या धुऊन वाळवून बसवल्या, म्हणजे तळपायाच्या एकाच जागी दाब पडून तिथे सूज येत नाही. पाण्याची वाटी फांदीच्या थेट खाली येणार नाही असे पाहिले. रात्री पिंजऱ्यावर तिन्ही बाजूंनी कापड टाकतो आणि मंद दिवा ठेवतो, कारण कॉकाटील अंधारात दचकून पंख आपटून घेतात.

फसवणुकीचा तो पिंजरा पुरावा म्हणून अद्याप गच्चीवर बांधून ठेवला आहे. जुना माल घेणाऱ्या दोघांनी तो चांगल्या भावाने मागितला, परंतु तो पुन्हा कोणा पक्ष्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून आयोगाचे काम संपल्यावर त्याची तार कापून, तुकडे करूनच भंगारात देणार आहोत.