किमतीच्या स्टिकरखाली लपवलेले ओहम

गेल्या दिवाळीत पुण्यात गाडीला दोन बारा इंची सबवूफर, म्हणजे खोल घुमणाऱ्या आवाजाचे स्पीकर, बसवून घेतले. मोनो ॲम्प (एका चॅनलचा ॲम्प्लिफायर) माझ्याकडे आधीचाच होता, किमान २ ओहमचा. ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप; जोडणी २च्या खाली गेली तर ॲम्पला झेपत नाही. म्हणून दुकानात शिरल्या शिरल्या सांगितलं, ‘२+२ ड्युअल कॉइलचेच वूफर द्या.’ एका वूफरमधल्या २-२ ओहमच्या दोन कॉइल (तारेची वेटोळी) सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, घेतल्या की ४ ओहम, आणि असे दोन वूफर पॅरलल, म्हणजे समांतर, जोडले की बरोबर २. मालक म्हणाला, ‘तेच काढतोय साहेब.’ मी खोक्यावरची किंमत पाहिली आणि पैसे दिले.

आवाज असा घुमला की मागची काच थरथरली. त्या आवाजानेच मला गाफील ठेवलं. ओहम खाली गेले की ॲम्पमधून करंट जास्त जातो, आवाज वाढतो, आणि तेवढाच ॲम्प भाजून निघतो. तिसऱ्या आठवड्यात दहा मिनिटं गाणी लावली की प्रोटेक्टचा, म्हणजे ॲम्प धोक्यात असल्याचा, लाल दिवा लागायला लागला. ‘बॅटरी कमी पडतेय’ म्हणत दुकानदाराने ३५०० रुपयांचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) गळ्यात मारला. पुढच्याच रविवारी डिकीतून जळका वास आला आणि ॲम्प गेला.

तापकीर गल्लीतल्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांनी ॲम्पला हात लावायच्या आधी विचारलं, ‘वूफर कुठेत?’ डिकीपाशी येऊन मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या. ०.२ आलं. ‘हे वजा करायचं,’ म्हणाले. मग वूफरच्या बॉक्समधून आलेल्या दोन वायरींना पिना लावल्या: १.१. म्हणजे ०.९. मीटरवर कॉइल छापील आकड्यापेक्षा थोडी कमीच दिसते, ४ ओहमची साधारण ३.५. तशा चार कॉइल पॅरलल जोडल्या की हाच आकडा येतो.

घरी येऊन माळ्यावरचं खोकं काढलं आणि किमतीचं स्टिकर नखाने सोललं. खाली स्पष्ट छापलेलं होतं, ४+४ ओहम.

४+४चे दोन सारखे वूफर नीट जोडले तर १, ४ किंवा १६ ओहम मिळतात, २ मिळतच नाहीत. रोज हेच काम करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, असं मी मानणार नाही. ४ ओहमवर जोडले असते तर ॲम्प वाचला असता. पण आवाज कमी आला असता आणि मी त्याच दिवशी माल परत केला असता. म्हणून त्याने १ ओहमवर जोडले. माझा संताप याच गोष्टीचा आहे.

जाब विचारला तर दुकानदार म्हणाला, ‘वायरिंग तुम्हीच छेडलंय.’ माझ्याकडे होतं कच्चं बिल, त्यावर नुसतं ‘वूफर २, फिटिंगसह’. ओहमचा उल्लेखच नाही, त्यामुळे तक्रार कशाच्या जोरावर करणार?

तुम्ही वूफर घेणार असाल तर स्टिकर काढायला लावून ओहम वाचा आणि मॉडेल नंबरासकट पक्क्या बिलावर लिहून घ्या. वायरी ॲम्पला जोडण्याआधी आपल्यासमोर मीटर लावायला सांगा. पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा केल्यावर २ ओहमच्या जोडणीला १.७च्या आसपास दिसायला हवं. १च्या खाली दिसलं तर तिथेच काम थांबवा, उरलेले पैसे देऊ नका.